कॅन्सर नसेतून सरकतो, हे पेशंटला कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तंबाखूविरोधी दिन आला की तुमच्या पेपरात तोंडाच्या कॅन्सरवर अख्खं पान येतं, फोटो येतात, गुटखाबंदी कशी कागदावरच राहिली त्यावर कोणीतरी तावातावाने लिहितं, आणि ते सगळं बरोबरच आहे, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. (गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे आणि माझ्या दुकानासमोरच्या टपरीवर तो मागितला की मिळतो, ते असो.) पण त्या पानात दुखण्याबद्दल काही नसतं. म्हणजे कॅन्सर झाला की दुखणारच, त्यात काय सांगायचं, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. आणि ते दुखणं नेमकं कशाने, त्याचा ट्रीटमेंटशी काय संबंध, हे लिहायला कोणाला जागा मिळत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण औषधांचा भाग तेवढा ठेवा.

मी मेडिकलवाला. डॉक्टर नाही, डी. फार्म. झालेला साधा दुकानदार, सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या बाजूला दुकान आहे. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात डॉक्टरकीचा आव नाही, काउंटरमागे उभं राहून जे दिसतं ते आणि घरात पेशंट झाल्यावर डॉक्टरांच्या मागे लागून जे समजून घेतलं तेवढंच आहे.

काउंटरवर काय दिसतं, तर पस्तीस-चाळीसचा गडी येतो, खिशात पुडी असते, आणि म्हणतो, "दाढ लई ठणकायलीय, स्ट्राँगमधली द्या की." मागच्या महिन्यात पण हाच आलेला असतो आणि हीच गोळी नेलेली असते. मी आता विचारायला लागलोय, कान पण दुखतो का? हनुवटी, खालचा ओठ बधिर वाटतो का? तोंडात तीन बोटं उभी जातात का? निम्मे जण चिडतात, गोळी मागितली तर मुलाखत कशाला घेता म्हणतात. पण एखादा गप्प होतो आणि हात हनुवटीकडे नेतो, तो मात्र मी डेंटिस्टकडे नाही, सरळ कान-नाक-घसावाल्याकडे किंवा बार्शीला पाठवतो. बार्शीला कॅन्सरचं हॉस्पिटल आहे आणि देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथेच १९८७ साली सुरू झाली, हे आमच्या भागातल्या लोकांनाच माहीत नसतं.

आता ही बधिर हनुवटी माझ्या डोक्यात बसली ती दाजींमुळे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, द्राक्षबागायतदार, तंबाखू-चुना कॉलेजपासून. त्यांचं दुखणं सुरू झालं उजव्या बाजूच्या खालच्या दाढेपासून. दाढ काढली. दुखणं तसंच. शेजारची काढली. तरी तसंच, उलट आता कानापर्यंत जायला लागलं, मग कानात ड्रॉप घालून झाले, कान स्वच्छ आहे म्हणाले. या सगळ्यात एक गोष्ट ते कोणाला बोलले नाहीत कारण त्यांना ती सांगण्यासारखी वाटलीच नाही, ती म्हणजे दाढी करताना हनुवटीच्या उजव्या बाजूला ब्लेड लागलेलं कळत नव्हतं, आरशात रक्त दिसलं की मग कळायचं. आणि त्याच गालावर रात्री फॅनचं वारं लागलं तरी आग व्हायची, म्हणून ताई त्यांच्या गालावर उपरणं टाकून झोपवायची, आणि उपरण्याचा स्पर्श झाला तरी ओरडायचे. जिथे ब्लेड लागलेलं कळत नाही तिथे वाऱ्याने आग होते, हे घरच्यांना नाटक वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

ते नाटक नव्हतं. तिथेच सगळं होतं.

तोंडाची, गालाची, दातांची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी एक मोठी नस आहे. नस म्हणजे इथे रक्ताची शीर नाही धरायची, नर्व्ह, संवेदनेची तार. तिच्या तीन फांद्या असतात, कपाळाकडे एक, वरच्या जबड्याकडे एक, खालच्या जबड्याकडे एक. ही तिसरी फांदी कवटीच्या तळाला असलेल्या एका भोकातून खाली येते, तिचा एक फाटा खालच्या जबड्याच्या हाडात शिरतो, दाढांच्या मुळांखालून हाडाच्या आतल्या बोगद्यातून पुढे येतो आणि हनुवटीच्या बाजूला छोट्या भोकातून बाहेर पडून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देतो. कानाच्या पुढच्या भागाकडे जाणारा फाटाही याच फांदीचा. म्हणजे गालातल्या किंवा हिरडीच्या गाठीने ही नस धरली की दुखणं दाढेत वाटणार, कानात वाटणार, आणि हनुवटी बधिर होणार. जिभेच्या कॅन्सरमध्ये चांगला असलेला कान दुखतो तोही असल्याच वायरिंगमुळे.

गाठ नसेपर्यंत पोचली की ती नुसती बाहेरून दाबत नाही. नसेला वेष्टणं असतात, एकात एक, आणि कॅन्सरच्या पेशी त्या वेष्टणांच्या मधल्या जागेत शिरतात आणि नसेच्या कडेकडेने पुढे सरकतात. घराच्या भिंतीला वायरिंगची पट्टी असते ना, तिच्या आडून वाळवी वर चढते आणि बाहेरून भिंत ठीकठाक दिसते, तसं. तोंडातली जखम दिसायला सुपारीएवढी असली तरी नसेच्या आतून ती कुठवर गेलीय हे बाहेरून कळत नाही. मायक्रोस्कोपखाली पेशी नसेभोवती दिसल्या तर रिपोर्टवर लिहितात पेरिन्यूरल इन्व्हेजन, शॉर्टमध्ये पीएनआय. आणि मोठ्या, नाव असलेल्या नसेवरून तो लांब पसरलाय, नस जाड झालीय, हे एमआरआयवर दिसतं तेव्हा ती पुढची पायरी, त्याला पेरिन्यूरल स्प्रेड म्हणतात. दोन्हींत फरक आहे आणि दुसरी जास्त गंभीर, त्यामुळे रिपोर्टवर पीएनआय वाचून लगेच मेंदूत गेला असं समजून रडारड करू नये.

मग कॅन्सर नसेकडेच का जातो? पूर्वी म्हणायचे सोपी वाट आहे, जिथे अडथळा कमी तिकडे पेशी घुसतात, नसेच्या वेष्टणात लसिकेच्या वाहिन्या असतात आणि त्यातून पसरतो. १९६० च्या दशकात शोधून पाहिलं तर तिथे तशा वाहिन्याच नव्हत्या. आता जे कळलंय ते मला तरी जास्त भयंकर वाटतं, म्हणजे नस आणि गाठ एकमेकांना बोलावतात. नसेतून काही रसायनं सुटतात ती कॅन्सरच्या पेशींना खेचतात, आणि गाठीतून सुटणारी रसायनं नसांना वाढायला लावतात. यातलं सगळ्यात प्रसिद्ध रसायन म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, आणि ते सापडलं कसं बघा. रीटा लेवी-मोंताल्चिनी नावाच्या इटालियन बाई अंड्यातल्या कोंबडीच्या पिल्लाच्या गर्भावर काम करत होत्या, त्या गर्भाला उंदराच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा लावला तर गर्भातल्या नसा त्या गाठीत बेफाम वाढत गेल्या. गाठीतून काहीतरी सुटतंय हे त्यांनी तिथे ओळखलं, पुढे स्टॅन्ली कोहेन यांच्याबरोबर ते वेगळं काढलं आणि १९८६ साली दोघांना नोबेल मिळालं. हेच रसायन दुखण्याच्या नसांना हळवं पण करतं. म्हणजे गाठीला वाट दाखवणारं आणि फॅनच्या वाऱ्याने आग करणारं, दोन्ही बऱ्याच अंशी एकच. नसेला इजा झाली की दुरुस्त करणाऱ्या श्वान पेशी असतात, त्यासुद्धा कॅन्सरच्या पेशींना बोट धरून नेतात असं आता दिसलंय. घरचाच माणूस फितूर.

बधिर पण आणि आग पण, याचंही उत्तर त्यातच आहे. जखमी झालेली नस बाहेरचा निरोप मेंदूकडे नीट नेत नाही म्हणून ब्लेड कळत नाही, पण ती स्वतःच्या मनाने खोटे निरोप पाठवत राहते, करंट मारल्यासारखं, मिरची लावल्यासारखं, मुंग्या चावल्यासारखं. पेशंट हेच शब्द वापरतात. जखमेच्या दुखण्याला कोणी करंट म्हणत नाही, म्हणून पेशंट करंट म्हणाला तर डॉक्टरांनी तो शब्द केस पेपरवर लिहून घ्यावा, नुसतं "पेन" लिहू नये.

इथे एक धोका सांगतो. चेहऱ्यात करंट मारतो म्हटलं की ट्रायजेमिनल न्युराल्जिया (वर सांगितलेल्या त्याच तीन फांद्यांच्या नसेचा, कॅन्सरशिवाय होणारा आजार) समजून टेग्रेटॉलची गोळी सुरू होते, आणि तो आजार खरंच आहे, त्याला ती गोळी लागू पण पडते. पण त्या आजारात सहसा बधिरपणा नसतो. करंट आणि बधिरपणा दोन्ही असेल, आणि त्यात तंबाखू असेल, तर स्कॅन झाल्याशिवाय गोळ्यांवर महिने काढू नयेत. तसंच तोंडावरून वारं गेलं म्हणून जे येतात त्यांचं. खरं वारं गेलेलं असतं ते एक-दोन दिवसात तोंड वाकडं करतं आणि बहुतेकांचं पुढच्या काही आठवड्यात-महिन्यात सुधारायला लागतं. जे हळूहळू वाकडं होत जातं, किंवा तीन-चार महिने झाले तरी तसूभर सुधारत नाही, त्यात कानाखालच्या लाळग्रंथीतली गाठ चेहऱ्याच्या नसेला धरून बसलेली असू शकते. आमच्याकडे अशा वेळी आधी कोणत्या तरी गावाला पाला बांधायला नेतात. पाला बांधा, पण एमआरआय पण करा.

आता रिपोर्टकडे येतो, माझी खरी तक्रार तिथे आहे. दाजींचं शेवटी एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, नाव घेत नाही, ऑपरेशन उत्तम झालं, सर्जनला हात जोडतो. रिपोर्ट आला. मार्जिन फ्री, म्हणजे कापलेल्या भागाच्या कडा साफ, आणि मानेतले लिम्फ नोड, म्हणजे लसिकेच्या गाठी, सगळे निगेटिव्ह, म्हणजे त्यात कॅन्सर नाही. सगळे खूश, पेढे वाटायचे बाकी. त्याच रिपोर्टात खालच्या ओळीत होतं, पीएनआय प्रेझेंट. ती ओळ कोणी वाचून दाखवली नाही, डिस्चार्ज कार्डावर "फॉलोअप विथ रिपोर्ट" एवढंच आणि जखम भरली की या म्हणून तोंडी सांगितलं. जखम भरायला वेळ लागत होता, तिकडे बागेची गोडी छाटणी आली, घरचे म्हणाले नोड निगेटिव्ह आहेत, घाई काय आहे, छाटणी उरकून जाऊ. सगळ्यांना ते पटलं, पटण्यासारखंच होतं.

ते गेले तेव्हा रेडिएशनच्या डॉक्टरांनी फाइल उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, इतके दिवस कुठे होतात? ऑपरेशननंतर रेडिएशन लागणार असेल तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असं धरतात, आणि दाजींची ती मुदत टळून गेली होती. हे आम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दाजींनी छाटणी भावकीवर सोडली असती, बाग एक वर्ष गेली असती तरी चाललं असतं.

त्या एका ओळीने काय काय बदलतं ते मग त्या रेडिएशनवाल्या मॅडमनी आम्हाला समजावलं, चांगला वेळ देऊन, त्यांचे उपकार. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मार्जिन फ्री असली, नोड निगेटिव्ह असले, तरी पीएनआय असेल तर गाठीच्या जागेच्या आसपास पुन्हा उगवण्याची शक्यता वाढते, म्हणून ऑपरेशननंतर रेडिएशन द्यायचं का याचा विचार करावाच लागतो, गाठ किती खोल होती हेही त्यात बघतात. साधारण ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप), तीस बैठका, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. सोबत केमो द्यायची ती मुख्यतः मार्जिन पॉझिटिव्ह असेल किंवा नोडच्या कवचाबाहेर कॅन्सर आलेला असेल तेव्हा, नुसत्या पीएनआयवर सहसा नाही. आणि मोठी नस सापडलेली असेल तर रेडिएशनचा पट्टा नुसता गाठीच्या जागेवर आखून भागत नाही, ती नस ज्या वाटेने कवटीच्या तळापर्यंत जाते ती वाट पण पट्ट्यात घ्यावी लागते, नाहीतर तोंडात सगळं साफ आणि दोन वर्षांनी वरच्या भोकापाशी पुन्हा उगवलेलं, असं होतं.

डोक्या-मानेच्या कातडीच्या स्क्वामस नावाच्या कॅन्सरमध्ये तर यावर स्टेजच ठरते, ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून जाड नस गाठीने धरलेली सापडली की गाठ लहान असली तरी टी-३ मध्ये, म्हणजे वरच्या स्टेजमध्ये जाते. ०.१ मिलिमीटर! आणि आपण गाठ केवढी आहे ते बोटाने दाखवत बसतो.

ऑपरेशनच्या आधी स्कॅनचं पण तेच. काउंटरवर लोक माझ्यापाशी मोकळे होतात, "सीटी काढलाय की, परत एमआरआय कशाला, पैसे काढायचे धंदे." सगळेच धंदे नसतात हो. सीटीत हाड चांगलं दिसतं, नस जाते ते भोक रुंदावलंय का ते दिसतं, पण नस स्वतः जाड झालीय, रंग घेतेय, चावायचे स्नायू एका बाजूला वाळलेत, हे इंजेक्शन देऊन काढलेल्या एमआरआयवर जास्त चांगलं दिसतं. बधिरपणा असेल तर तो पेशंटने स्वतःहून सांगायचा, कारण रेडिओलॉजिस्टला फॉर्मवर नुसतं "सीए चीक" (गालाचा कॅन्सर) लिहून आलं तर तो तेवढंच बघेल, "उजवी हनुवटी बधिर" लिहून आलं तर ती नस वरपर्यंत शोधत जाईल. सर्जनही मग नसेचं टोक ऑपरेशन चालू असतानाच तपासायला पाठवून, साफ आहे का बघून पुढे जाऊ शकतो. लाळग्रंथीच्या ऑपरेशनमध्ये चेहऱ्याची नस वाचवायची का कापायची हा निर्णय तर केवढा अवघड, आधी चेहरा नीट हलत असेल आणि नस गाठीत अडकलेली नसेल तर वाचवतात, आधीच लुळा पडलेला असेल आणि नस आतून खाल्लेली असेल तर कापून पायातली नस जोडतात.

आता औषधांचं, जे माझं रोजचं आहे. नसेच्या दुखण्याला साधी पेनकिलर पुरत नाही, म्हणून डॉक्टर गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटीन असलं काही लिहितात. लोक घरी जातात, पोरगं मोबाइलवर नाव टाकून बघतं, आणि दुसऱ्या दिवशी स्ट्रिप परत. "अहो ही फिटची गोळी आहे, आमच्या आईला फिट कुठं येते?" एकदा एकाने अ‍ॅमिट्रिप्टिलीनची स्ट्रिप काउंटरवर आपटली, "माझ्या वडलांना कॅन्सर झालाय, वेड लागलेलं नाही!" त्याचा राग मला समजला, त्याला वाटलं डॉक्टरने बापाच्या दुखण्याला मनाचे खेळ ठरवलं. त्याला बाकड्यावर बसवून सांगितलं, की फिट येते तेव्हा मेंदूतल्या तारा नको तेव्हा करंट सोडतात आणि तुझ्या वडलांच्या गालातली तार तेच करतेय, म्हणून ती गोळी. डिप्रेशनची गोळी डिप्रेशनला जास्त डोसमध्ये देतात, नसेच्या दुखण्याला रात्री दहा किंवा पंचवीस मिलिग्रॅमवर काम होऊ शकतं. घेऊन गेला शेवटी.

हे डॉक्टरांनी लिहितानाच एका वाक्यात सांगितलं तर काय बिघडतं? ओपीडीत शंभर पेशंट असतात मान्य आहे. मग निदान चिठ्ठीवर गोळीपुढे मराठीत "नसेच्या दुखण्यासाठी" एवढं लिहा. अजून एक सांगायचं राहतं, ती गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी अर्ध्या तासात लागू पडत नाही, डोस हळूहळू वाढवत न्यावा लागतो, काही दिवस जातात, कधी दोन-तीन आठवडे. पहिले काही दिवस गुंगी येते, म्हातारा माणूस रात्री बाथरूमला उठताना पडू शकतो. हे न सांगितल्यामुळे लोक दोन दिवसात "फरक नाही, नुसती झोप येते" म्हणून सोडतात आणि परत माझ्याकडे डायक्लोफिनॅक मागायला येतात. किडनीचा त्रास असेल तर गॅबापेन्टिन-प्रीगाबालिनचा डोस कमी करावा लागतो, तेही आहे.

आणि डायक्लोफिनॅकवरून आठवलं. तोंडाच्या कॅन्सरला जी सिस्प्लॅटिनची केमो देतात ती किडनीला जड असते, त्यावर आपल्या मनाने या पेनकिलर खाल्ल्या तर किडनीवर दुहेरी मार बसतो. केमो चालू असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना मी ती चिठ्ठीशिवाय देत नाही, मग ते पलीकडच्या दुकानातून घेतात. केमोमुळे हातापायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, तो वेगळा प्रकार, तो औषधाने नसांना झालेला त्रास असतो, कॅन्सर पायात गेला असं समजून लोक हादरतात. तो पण डॉक्टरांना सांगायचाच, फक्त घाबरून नाही.

मॉर्फिनवर, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जोरदार पेनकिलरवर, तर वेगळं पत्र होईल. अफूची कायदेशीर शेती आपल्याच देशात, नीमच-मंदसौरला, राजस्थानात, उत्तर प्रदेशात, सरकारी कारखाने नीमच आणि गाझीपूरला, आणि आपल्याच तालुक्यातला पेशंट रात्रभर भिंतीवर डोकं आपटतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यामुळे दवाखान्यांना इतकी लायसन्स लागायची की कोणी ठेवायच्या भानगडीत पडायचं नाही. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिन आणि अशी काही औषधं "अत्यावश्यक" धरून मान्यताप्राप्त संस्थांसाठी नियम सोपे केले. कागदावर. माझ्यासारख्याच्या दुकानात ती अजून नसते आणि जिल्ह्यात कुठे मिळते हे विचारलं तर चार जण चार पत्ते सांगतात. ट्रामाडॉल पण २०१८ पासून त्याच कायद्याखाली आलं, ते बरोबरही आहे कारण त्याचा गैरवापर होत होता, पण त्यामुळे बरेच दुकानदार तेही ठेवेनासे झाले.

आणि घरच्यांचा विरोध. "मॉर्फिन नको, सवय लागेल." "मॉर्फिन दिलं म्हणजे संपलं." डॉक्टरच्या देखरेखीत दुखण्यापुरतं दिलेलं मॉर्फिन शेवटच्या दिवसांचंच औषध आहे असं नाही, ट्रीटमेंट चालू असताना देतात, दुखणं कमी झालं की हळूहळू उतरवतात. दाजींना रेडिएशनच्या मधल्या आठवड्यांत दिलं होतं, तोंड सगळं सोलून निघालं होतं तेव्हा, नंतर बंद झालं. नसेच्या दुखण्यावर नुसतं मॉर्फिन कधी कधी अर्धंच काम करतं, म्हणून त्याच्या जोडीला ती "फिटची" गोळी असतेच. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागतं, ते लिहायला विसरले तर विचारून घ्या, बद्धकोष्ठामुळे मॉर्फिन सोडलेले पेशंट मी पाहिलेत.

तोंडाचाच कॅन्सर धरून लिहिलं कारण आमच्याकडे तोच जास्त. २०१६-१७ च्या सर्व्हेत महाराष्ट्रातला साधारण दर चौथा प्रौढ माणूस तंबाखू वापरणारा निघाला आणि त्यातले बहुतेक खाणारे, ओढणारे कमी. पण नसेवरून सरकणारे इतर पण आहेत. लाळग्रंथीचा अ‍ॅडेनॉइड सिस्टिक नावाचा एक आहे, हळूहळू वाढतो, नसेचा फार नाद त्याला, दहा वर्षांनी पण उलटतो, त्यामुळे पाच वर्षं झाली सुटलो म्हणून तपासण्या बंद करायच्या नसतात. स्वादुपिंडाचा तर बहुतेक पेशंटमध्ये नसांना धरतो, पोटातून आरपार पाठीत जाणारं दुखणं, वाकून बसलं की जरा बरं, आडवं झालं की जास्त, आणि लोक वर्ष-वर्ष अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि कंबरेचा पट्टा यात घालवतात. त्यात पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ते सुन्न करतात, त्याने गोळ्या कमी होतात. हे असं काही असतं हेच माहीत नसल्यामुळे कोणी विचारत नाही. उलट प्रोस्टेटच्या बायोप्सीत पीएनआय बऱ्याचदा लिहून येतं, तिथे तेवढ्या एका ओळीने हादरून जायचं कारण नाही, बाकीच्या आकड्यांसोबत डॉक्टर ती बघतात.

दाजी आता बरे आहेत, म्हणजे भाकरी कुस्करून खातात, हनुवटी बधिरच आहे, ती येणार नाही असं सांगितलंय, आग पुष्कळ कमी. दाढी मुलाकडून करून घेतात. फुले योजनेत ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही बसलं, हे पण लिहितो, नाहीतर मेडिकलवाले नुसते रडतात म्हणाल.

तर मागणं असं आहे की बायोप्सीचा रिपोर्ट देताना त्यावर किंवा सोबतच्या कागदावर मराठीत दोन-तीन ओळी असाव्यात, नसेभोवती पेशी सापडल्या की नाही, त्यासाठी पुढे कोणत्या डॉक्टरला भेटायचं आणि किती दिवसांच्या आत. टेलरिंगच्या पावतीवर सुद्धा कपडा कधी न्यायचा ती तारीख असते, डिस्चार्ज कार्डावर रेडिएशनवाल्यांना भेटायची तारीख का नसावी? आणि तुम्हाला एवढंच, की पुढच्या तंबाखू दिनाच्या पानावर जिल्ह्यात पेन क्लिनिक कुठे आहे, मॉर्फिन कुठे मिळतं, पॅलिएटिव्ह केअरवाले (दुखणं-त्रास कमी करायला मदत करणारे) घरी कुठे येतात, ही यादी फोन नंबरसकट छापा. मुंबईला बांद्र्यात अशा पेशंटसाठी शांती अवेदना आहे १९८६ पासून, पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं तसंच केंद्र आहे, दोन्हीकडे पैसे घेत नाहीत, पण सोलापूर, लातूर, धाराशिवच्या माणसाला तिथवर जायला गाडीभाडं आणि सोबत माणूस लागतो. आपल्या जवळचं काय ते छापा. कात्रण मी काउंटरवर चिकटवतो.

आपला वाचक,
एक मेडिकल दुकानदार, जि. सोलापूर

ता. क. – गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन यातलं काही चालू असेल आणि दुखणं थांबलं म्हणून सोडावंसं वाटलं तर एकदम सोडू नका, डॉक्टरांना विचारून कमी करत आणा. आणि स्ट्रिप संपायच्या दोन दिवस आधी दुकानात या, रविवारी रात्री शटरवर थापा मारू नका, होलसेलवाला सोमवारी माल देतो.